शेवटचा रकाना

आमच्या उपनगरातल्या निम्म्या लोकांच्या शाळेच्या दाखल्यांवर एकाच बाईंचं अक्षर आहे. शाळेच्या कचेरीत त्या एकतीस वर्षं कारकून होत्या. अक्षर गोल, टपोरं, आणि त्यांच्या प्रत्येक नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो कोरा सोडायचा नाही, हा त्यांचा हट्ट. इतर शाळा 'वर्तणूक चांगली' एवढ्यावर भागवायच्या. आमच्या बाई 'धाकट्या भावाला रोज हात धरून आणते' असंही लिहायच्या. म्हणून त्या शेरेबाई. तोंडावर अर्थात नुसतं बाई.

आमच्याकडे शिकलेल्यांना तोटा नाही. एकेका जिन्यात दोन-दोन इंजिनियर, वर एखादी संख्याशास्त्राची पदवीधर. पण सकाळी सातच्या बसने सगळे शहराकडे पळतात आणि मागे उरतात म्हातारी माणसं नि बंद दारं. मी यंत्रांचे आराखडे काढते. त्यापायी रोजचे चार तास बसमध्ये जात होते, आणि इकडे वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा.

तीन वर्षांपूर्वी नगराध्यक्ष बाईंच्या घरी आले. तेही त्यांच्याच शाळेतले. म्हणाले, "बाई, कंपन्या आणायच्यात. पण त्यांना दाखवायला आपल्याकडे आहे काय? ना बंदर, ना खाण. आहेत ती शिकलेली माणसं. तुम्ही त्यांची नीट यादी करून द्या. पोरांना घराजवळ नोकऱ्या लागतील."

बाईंनी कंबर कसली. दुखरे गुडघे घेऊन चार महिने जिने चढल्या. बाई आल्यात म्हटल्यावर दार कोण लावणार? पदवी, अनुभव, सगळं लिहून झालं की विचारायच्या, "बाकी घरी कसं काय?" की आम्ही सुटलोच! सासूचं पडणं, मुलाचं अडखळत बोलणं, नवऱ्याचं गेलेलं काम. डॉक्टरलाही सांगणार नाही ते आम्ही त्यांना सांगितलं. अकराशे चाळीस नावं भरली.

मग खरोखरच कंपनी आली. जुन्या गोदामाच्या जागी काचेची इमारत उभी राहिली. इथल्या सुशिक्षित मनुष्यबळामुळेच आम्ही ही जागा निवडली, असं साहेबांनी उद्घाटनात सांगितलं. बाई पहिल्या रांगेत होत्या. आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि मी तर घरी जाऊन वडिलांना म्हटलं, "आता दुपारच्या जेवणाला घरी येईन."

माझ्या मुलाखतीला कंपनीची एक तरुण अधिकारी होती. कामाचे चार प्रश्न विचारून तिने समोरचा कागद ओढला. उलटा असूनही मी अक्षर ओळखलं. 'वडील आजारी, दुसरं कोणी नाही. ही इथून कुठेही जाणार नाही. कामाला वाघीण.'

"वर्षाचा करार आहे," ती गोड हसून म्हणाली. "हुद्दा कनिष्ठ. शनिवारीही यावं लागेल."

"मला नऊ वर्षांचा अनुभव आहे."

"हो ना. पण तुम्हाला इथेच राहायचंय, नाही का?"

तोंडात मारल्यासारखं झालं. मी सही केली. न करून सांगते कुणाला! पुढच्या महिन्याभरात कळलं, सगळ्यांचं तसंच झालं होतं. ज्याच्या शेऱ्यात जितकी अडचण, त्याचा करार तितका आखूड. कायमची नोकरी मिळाली ती एकटीला, बाईंच्या मुलीला. यादीत तिच्यापुढचा रकाना तेवढा कोरा होता.

मग काय, बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? बाईंनी केसाने गळा कापला, असं लोक दुकानाच्या रांगेत उघड बोलू लागले. बाई आल्या की रांग गप्प. त्यांना कारण कळेना. शेवटी मीच त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं.

त्या तशाच चपला घालून नगराध्यक्षांकडे निघाल्या. मी सोबत होते.

"तुम्ही फक्त पदव्या पाठवायच्या होत्या," बाई म्हणाल्या. "शेरे कशाला दिलेत?"

नगराध्यक्षांनी आधी आमच्यासाठी पाणी मागवलं. मग म्हणाले, "बाई, खरं सांगू? पदव्या त्यांना कुठेही मिळतात. माणसं सोडून जाणार नाहीत, ही खात्री नव्हती मिळत. तुमच्या शेऱ्यांवरच तर ते आले."

परतताना घराच्या फाटकाशी थांबून बाई म्हणाल्या, "लेकीचा रकाना मी मुद्दाम नाही गं सोडला. आपल्याच मुलीचं कौतुक काय लिहायचं, लाज वाटली. तुमचं मात्र भरभरून लिहिलं. आपली गुणी माणसं त्यांना कळावीत म्हणून."

"माहितीये मला, बाई." मला खरंच माहीत होतं. तरीही राग आवरेना.

"मग तू तरी सांग ना सगळ्यांना. मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही."

"नाहीच लिहिलंत," मी म्हटलं. "पण ते आम्ही तुम्हाला सांगितलं होतं, बाई. त्यांना नाही."