मळलेले कोपरे

यादोराव कापगते यांना आमच्या गावात ग्रंथपाल म्हणून कोणी हाक मारत नाही. मोठी माणसं भाऊ म्हणतात, पोरं काकाजी म्हणतात, आणि त्यांच्या घरच्या शकुंतलाबाई चिडल्या म्हणजे "ते वाचनालयवाले" म्हणतात, जणू काही घरात जेवणारा माणूस वेगळाच कोणी आहे. मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून वाचनालयाच्या समितीवर आहे, म्हणजे त्यांच्याशी भांडायचा मला दुहेरी हक्क आहे. तो मी कधी सोडला नाही.

माणूस भला, पण भयंकर हट्टी. सडक अर्जुनीच्या बाजूच्या आमच्या या गावात वाचनालय टिकलं ते त्यांच्या हट्टामुळे, हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलणार नाही. तलावाच्या पाळीखाली ग्रामपंचायतीची जुनी खोली आहे, मागे पडवी आहे, पडवीच्या बाहेर हापशी. समोरच्या खोलीत मोठ्यांचे पेपर आणि पुस्तकं. मागच्या पडवीत मात्र त्यांनी एक वेगळी मांडणी केली होती, चौदा ते अठरा वर्षांच्या पोरापोरींसाठी. या वयासाठी कोणीच काही घेत नाही, असं ते समितीत तावातावानं सांगायचे. लहानग्यांच्या मासिकात ससे असतात, मोठ्यांच्या मासिकात गुडघेदुखी असते, मग या मधल्यांनी काय वाचायचं? मोबाइलच पाहतील ना ते. बकाराम मेश्राम, आमचे अध्यक्ष, यांना पोरांनी सिनेमाचं मासिक वाचलेलं खपत नसे. यादोरावजींनी ते तरीही सुरू ठेवलं. सिनेमाचं का होईना, डोळ्याला ओळीवरून चालायची सवय तर लागते, असं म्हणाले आणि विषय संपवला.

त्या पडवीत ते स्वतः पाऊल टाकत नसत. पोरं वाचत असताना त्यांच्या डोक्यावर उभं राहायचं नाही, हा त्यांचा नियम. कोणी काय वाचतं हे पाहायला गेलं की पोरगं लगेच अभ्यासाचं पुस्तक तोंडापुढे धरतं, आणि मग आपली आणि त्याची दोघांचीही फसवणूक होते. मला ते पटायचं. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला यातलं खोटं काय ते कळतं.

मग कोणतं मासिक ठेवायचं आणि कोणतं बंद करायचं हे ठरवायचं कसं? त्यासाठी त्यांनी एक युक्ती काढली होती. यादोरावजी कोहळी, तलाव बांधणाऱ्यांच्या घराण्यातले. त्यांचे वडील तलावाचं पाणी सोडायचं काम करत, आणि पाळीच्या कोणत्या दगडापर्यंत ओल चढली आहे एवढं पाहून उन्हाळ्यात कोणाच्या धानाच्या बांधीला किती पाणी पुरेल ते सांगत. मुलानं तीच नजर मासिकांना लावली. संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी ते पडवीतले अंक एकेक करून हातात घेत आणि पानांचे खालचे उजवे कोपरे पाहत. कोपरा मळला की अंक वाचला जातो. कोपरा पांढरा राहिला की नुसती शोभा. क्रिकेटचं हिंदी पाक्षिक आठवड्यात काळं पडायचं. ते मला बोलावून दाखवायचे, जणू पोराचं प्रगतिपुस्तक.

या युक्तीनं त्यांनी एक वाचक गमावला. एकच. पण त्या एकीचं त्यांना जे लागलं आहे ते मी रोज समोरून पाहते आहे, म्हणून हे सांगायला बसले.

त्या मांडणीत एक जंगलाचं मासिक होतं. नागपूरची काही हौशी माणसं ते काढत. मुंग्यांची वारुळं, पावसाळ्यातली अळंबी, पक्ष्यांची घरटी, कोळी जाळं कसं विणतो, असलं सगळं त्यात असायचं, आणि तेही आपल्याच भागातल्या जंगलातलं. पोरं त्याला कीडेवाला अंक म्हणायची आणि बाजूला सारायची. यादोरावजींचा मात्र त्याच्यावर भारी जीव. आलेला अंक ते आधी घरी नेऊन वाचत, सुईदोऱ्यानं शिवून त्याला जाड कव्हर घालत, आणि मगच पडवीत ठेवत.

मग गावात पोलीस भरतीचं वारं सुटलं. ज्याला त्याला स्पर्धा परीक्षेचं मासिक हवं झालं. बाप लोक वाचनालयाच्या दारात येऊन सांगू लागले, हे कायले ठेवता, ते ठेवा. एक मासिक बंद केल्याशिवाय दुसरं घेता येणार नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत, मे महिन्यात, यादोरावजींनी पडवीतले सगळे अंक माझ्यापुढे टेबलावर मांडले. जंगलाच्या मासिकाचे कोपरे कोरेकरकरीत. वर्षाचे सगळे अंक पाहिले, एकाही पानावर बोटाची खूण नाही. त्यांचा चेहरा उतरला, पण मग ताठ बसून म्हणाले की वाचनालय माझ्या आवडीसाठी नाही, पोरांसाठी आहे. आणि बंद केलं. मला तेव्हा या माणसाचा अभिमान वाटला होता. आपल्या आवडीवर पाणी सोडणारी समितीतली माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

गावात त्या दिवसांत सगळी पोरं होतीच असं नाही. तलावाच्या पलीकडे गोंडांचा टोला आहे, तिथली घरंच्या घरं मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला पहाटेच जंगलात जातात. पोरीसोरीसुद्धा जातात. टोल्यातल्या मंगली मडावीचं घरही गेलं होतं. ती तेव्हा नववीत होती, हडकुळी, बोलायला एकदम कमी.

शाळा उघडल्यावर ती वाचनालयात आली. मी तिथेच पेपर वाचत बसले होते. ती मागे गेली, थोड्या वेळानं परत समोर आली आणि दाराशी उभी राहून विचारलं, कीडेवाला अंक नाही आला का जी? यादोरावजी रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, "बंद केला बेटा. कोणीच वाचत नव्हतं."

ती बरं म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती एकदोनदा दिसली असेल, मग यायची थांबली. कोणाच्या ध्यानातही आलं नाही. स्पर्धा परीक्षेच्या मासिकाचे कोपरे महिन्याभरात काळेकुट्ट झाले होते, आणि यादोरावजी ते ज्याला त्याला दाखवत फिरत होते.

तीन वर्षं अशीच गेली. यंदाच्या जानेवारीत त्यांनी पडवीत बसणाऱ्या पोरांना नागझिऱ्याला नेण्याचं काढलं. पोरी बरोबर होत्या, म्हणून मलाही ओढलं. सकाळची फेरी झाली. पोरांना वाघ दिसला नाही, म्हणून त्यांची तोंडं आंबट. दुपारच्या जेवणाला गेटजवळच्या एका रिसॉर्टच्या मालकानं ओळखीनं स्वस्तात बसू दिलं होतं. तिथे तपकिरी ड्रेस घातलेली एक पोरगी पंगतीला ताटं मांडत होती. यादोरावजींनी तिला माझ्या आधी ओळखलं. मंगली. दहावीनंतर शाळा सुटली होती, आता इथेच कामाला होती, खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, वाढायचं.

ते मनापासून खूश झाले. ताटावरून उठून तिच्यापाशी गेले. पोरगी वाचणारी होती, अशी काहीतरी पुसट आठवण त्यांना असावी. घरच्यांची चौकशी केली, मग हसत विचारलं, "काऊन वं मंगली, वाचनालयात येणं काऊन सोडलीस?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, हे मी शपथेवर सांगते. "तुमी म्हणले नं जी, कोणीच वाचत नाही म्हून. मी तं वाचत होती."

"अवं, पण त्याचे पानं तं कोरेच रायत होते. बोट लागलेलं नाही दिसे."

"पयल्याच दिवशी तुमी म्हणले होते, हात धुवून ये म्हून. माह्ये हात मोहाचे चिकट होते. तवापासून मी हापशीवर हात धुवूनच बसत होती."

यादोरावजींना ते आठवत नव्हतं. कसं आठवणार? वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक पोराला ते हात धुवायला सांगत, आणि एकही पोरगं धूत नसे. ऐकलं ते एकीनंच. पडवीत ते जात नव्हते, अंक ती घरी नेत नव्हती, कारण घरी चुलीच्या धुरात तो खराब होईल अशी तिला भीती. कळायला दुसरी वाट नव्हती, हे मी त्यांना नंतर कितीदा समजावलं. समजावलं, पण आधी भांडून घेतलं. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मी त्यांना सोडलं नाही. कोपरे काय पाहत बसता, तोंडानं विचारायला काय झालं होतं, असं पोरांच्या देखत बोलले. एरवी हा माणूस एका वाक्याला चार वाक्यं परत करतो. त्या दिवशी तो गाडीतल्या पोरांची डोकी पुन्हा पुन्हा मोजत बसला. ताटातला भात तसाच टाकून उठले होते ते. मग मलाच माझ्या जिभेची लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून ते जंगलाच्या मासिकाच्या मागे लागले. मागचे सगळे अंक मागवायचे, पुढची वर्गणी भरायची, समितीला विचारायचं नाही, बकाराम काय म्हणायचं ते म्हणोत. जुन्या अंकावरचा नंबर लागला नाही. मग नागपूरच्या ओळखीतून कोणाचा तरी नंबर मिळवला. वाचनालयातूनच फोन लावला, मी टेबलासमोर बसले होते. पलीकडून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज आला. मासिक गेल्या वर्षी बंद पडलं, उरलेले गठ्ठे जागा खाली करताना रद्दीत गेले. काय करणार साहेब, ते म्हणाले, कोणी वाचतच नव्हतं. यादोरावजींनी फोन ठेवला आणि पडवीत जाऊन बसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना त्या पडवीत बसलेलं पाहिलं नव्हतं. पोरं दचकली आणि हातातले अंक ठेवून उठली, तर त्यांनी हातानंच बसा म्हणून खूण केली.

आपल्याकडे होते तेवढे अंक त्यांनी बांधले. शिवलेले, कव्हर घातलेले, कोपरे पांढरे. रविवारी स्कूटरवर निघाले आणि मला मागे बसवलं. एकट्यानं जायची हिंमत नव्हती त्यांची, पण तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, रस्ता खराब आहे, कोणी सोबत असलेलं बरं.

रिसॉर्टच्या मागच्या दारी तिला बोलावलं. ती ओढणीला हात पुसत आली. यादोरावजींनी गठ्ठा तिच्या हातात दिला आणि म्हणाले की हे तुझेच आहेत, वाचनालयात परत आणायचे नाहीत. मला वाटलं पोरगी खुलेल. खुललीही, क्षणभर. पायरीवर बसून तिनं दोरी सोडली आणि एकेक कव्हर उलटून पाहिलं, ओळखीचं माणूस भेटल्यासारखं. मुंगीचा अंक, अळंबीचा अंक. कोणत्या पानावर काय आहे ते तिला न उघडता ठाऊक होतं.

"हे तं सगळे वाचले आहो जी मी," ती म्हणाली. "याच्या पुढचे पायजे होते."

यादोरावजींनी तिला खरं ते सांगितलं. पुढचे निघाले होते, पण आपण घेतले नाही. आता मासिकच बंद झालं, कुठेच मिळत नाही. ती ऐकत होती आणि हातानं शेवटचा अंक शोधत होती, एप्रिलचा. तो तिनं उघडला. त्यात एका धनेश पक्ष्याच्या घरट्याची रोजनिशी छापली होती. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते, आणि नर बाहेरून चोचीनं तिला खाऊ घालतो. मासिकाची माणसं रोज त्या झाडाखाली बसून लिहून ठेवत होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की नर दोन दिवसांपासून आलेला नाही. बाकीचं पुढच्या अंकात.

मंगलीनं ते पान त्यांच्यापुढे धरलं. तीन वर्षं तिनं तो प्रश्न कोणाला विचारला नसावा. टोल्यात तिला धनेश रोज दिसत असतील, पण हे घरटं त्यांचं नव्हतं, त्या मासिकातलं होतं.

"तो नर वापस आला का जी?"

यादोरावजींनीही तो अंक वाचला होता. वाचून, शिवून, कव्हर घालून त्यांनीच तो पडवीत ठेवला होता, आणि पुढच्याच महिन्यात मासिक बंद केलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पान हातात घेऊन त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"मले नाही मालूम, बेटा," ते म्हणाले.

आतून तिला कोणी हाक मारली. तिनं गठ्ठा परत बांधला, नीट, आधी होता तसाच, आणि काखेत घेऊन ती कामाला गेली.