दामूचा फोन मला कसा लागला

"दामू, उद्या सकायी सात वाजता कटाईची टोयी येऊन राह्यली. गाडी बांधावरच लागीन. तू तेवढा हजर राह्यजो."

मी दामू नाही. माझ्याकडे बांध नाही आणि केळीही नाही. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली बाई. जळगावात पिंप्राळ्याला राहते आणि जुने कॉम्प्युटर दुरुस्त करते. पण आवाज मी लगेच ओळखला.

"नाना, मी कॉम्प्युटरवाली ताई बोलतेय. दामूचा फोन मला लागला."

मग नानांचा आवाज इतका बारीक झाला की मला रिसीव्हर कानावर दाबावा लागला. "पुन्हा चुकलं का? ताई, आता माह्यं काही खरं नही."

नाना म्हणजे रावेरचे जुने केळीचे दलाल. ऐंशीला टेकलेत. कुठल्या शेतकऱ्याच्या बागेत कोणत्या दिवशी कटाई, टोळी कधी येणार, गाडी कुठे लागणार, हे सगळं ते रोज फोनवरून जुळवतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. मोबाइलवरचं काही दिसेना, तेव्हा त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला मीच मोडेम जोडून दिला होता. मोडेम म्हणजे कॉम्प्युटर आणि टेलिफोनची तार यांच्यामधली डबी. कॉम्प्युटर नंबर सांगतो, डबी फिरवते. त्यावर जळगावच्या एका क्लासवाल्याने लिहिलेलं छोटं सॉफ्टवेअर बसवलं. नावाची पहिली तीन अक्षरं दाबायची. काळ्या स्क्रीनवर पिवळ्या रंगात, वीतभर अक्षरांत नाव येतं. नंबर दिसतच नाही, कारण तेवढी जागाच उरत नाही. एंटर दाबलं की फोन लागतो, नाना रिसीव्हर उचलून बोलतात.

मी पुढे काही विचारणार तेवढ्यात नानांच्या मुलाने, किशोरने, फोन घेतला.

"मॅडम, सॉरी हं. पंधरा दिवस झाले असंच चाललंय. परवा तर भास्करकाकांच्या घरी दोनदा फोन केला. काका जाऊन तीन वर्षं झाली. काकू घाबरल्या. आम्ही बाबांना उद्या जळगावला मेंदूच्या डॉक्टरकडे दाखवतोय. आणि फोनचं काम उद्यापासून मीच बघणार. तो कॉम्प्युटर भंगारात देऊन टाकतो."

"सगळेच फोन चुकतात का?"

"नाही ना! तेच तर. काही बरोबर लागतात. अर्जुन ड्रायव्हरला रोज बरोबर लावतात. म्हणजे काही आठवतं, काही आठवत नाही. तसंच असतं म्हणे सुरुवातीला."

मी फोन ठेवला आणि पर्स शोधायला लागले. खरं सांगते, माझ्या अंगात वारं शिरलं होतं. टेलिफोनच्या चुका शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. लाइन खराब असेल तर कुठलाही नंबर चुकतो. माणूस विसरत असेल तर आज एक चुकेल, उद्या दुसरा. पण ठरलेले नंबर रोज बरोबर लागतात आणि बाकीचे रोज चुकतात, ही तऱ्हा वेगळी. हे विसरणं नव्हतं. यात काहीतरी शिस्त होती!

भुसावळमार्गे रावेरची एसटी पकडली. वाटेत सावद्यापासून दोन्हीकडे केळीच केळी, पण त्या दिवशी मी खिडकीबाहेर पाहिलंच नाही. मनातल्या मनात मोडेम उघडून बसले होते.

नाना ओसरीवर खुर्चीत बसले होते. समोर टेबलावर कॉम्प्युटर, पण त्याची पिन काढून ठेवलेली. मला बसायला सांगायच्या आधीच ते म्हणाले, "ताई, एक गोष्ट खरी खरी सांगजो. माह्यं मन राखू नको. मीच चुकतो का?"

"बघून सांगते नाना."

"सून म्हनते, तुमी दामू म्हनता अन् दुसऱ्याचंच बटन दाबता. आता मले बी तसंच वाटाले लागलं. रात्री पडल्या पडल्या साऱ्याइचे नावं आठवून पाह्यतो. एक बी विसरलो का म्हनून."

ज्या माणसाच्या डोक्यात अख्ख्या तालुक्यातल्या बागा होत्या, तो स्वतःचीच परीक्षा घेत बसला होता. मी पिन लावली.

पहिलं काम सोपं होतं: माणूस तपासायचा. "नाना, दामूला लावा." नानांनी बोटांनी चाचपत तीन अक्षरं दाबली. डी, ए, एम. स्क्रीनवर भलंमोठं DAMODAR आलं.

"थांबा! एंटर दाबू नका." मी किशोरकडे वळले. "वाचा काय आलंय ते."

"दामोदर."

"मग वडील कुठे चुकले?"

"अहो, पण फोन तर तुम्हाला..."

"तेच शोधायचंय. वही आणि पेन आणा."

आता दुसरं काम: कॉम्प्युटर खरंच कुठला नंबर फिरवतो ते बघायचं. मी टेलिफोनची तार मोडेममधून काढली, म्हणजे पुन्हा कुणाच्या घरी घंटा नको. मग सेटिंगमध्ये जाऊन डायलिंग जुन्या पद्धतीवर आणलं. जुन्या पद्धतीत नंबर सुरांनी जात नाही, टकटक करत जातो. दोनासाठी दोन टकटक, पाचासाठी पाच, शून्यासाठी दहा. पूर्वीचे गोल तबकडीचे फोन असेच चालायचे. एक्स्चेंजमध्ये आम्ही ही टकटक कानाने वाचायचो. निवृत्तीनंतर ही विद्या माझ्या कुठल्याच कामाला आली नव्हती, तेव्हा मला किती आनंद झाला असेल बघा!

"नाना, आता दाबा."

डबी बोलायला लागली. टकटकटकटक, दहा वेळा. "शून्य लिहा." मग पुढचा आकडा, मग त्यापुढचा. मी डोळे मिटून आकडे सांगत होते, किशोर लिहीत होता. सहावा आकडा लिहिला तेव्हाच मला हसू फुटलं. शेवटपर्यंत लिहून झाल्यावर किशोरने वही माझ्यापुढे धरली.

"हा दामूचा नंबर नाही," तो म्हणाला.

"माझा आहे."

किशोरने आपल्या मोबाइलमध्ये माझा नंबर काढून पाहिला. मग वही पाहिली. मग वडिलांकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

नाना मात्र तयारच होते. "ताई, अजून एक लावू?"

"लावा! अर्जुन लावा."

अर्जुन बरोबर. किशोरच्या मोबाइलमधल्या नंबराशी आकडा न् आकडा जुळला. भिका चुकला. भिकाचं नाव दाबलं की टकटक येत होती ती वारलेल्या भास्करच्या घराची. मग मला सुचलं. यादी एबीसीडीने लागते. अर्जुन म्हणजे यादीचं टोक. दुसऱ्या टोकाला कोण?

"यशवंत," नाना म्हणाले.

यशवंत लावला. बरोबर! मी खुर्चीतून उठलेच. दोन्ही टोकं बरोबर आणि मधलं सगळं चुकलेलं. याचा अर्थ नंबर खराब झालेले नव्हते, यादी मधल्यामध्ये सरकली होती. कुणीतरी मधली नावं उचलून दुसरीकडे ठेवली होती.

हे सॉफ्टवेअर कसं चालतं ते सांगते. क्लासवाल्याने नावं एका फाइलमध्ये ठेवली होती आणि नंबर दुसऱ्या. दोन्हीतला संबंध फक्त जागेचा. दहाव्या नावाला दहावा नंबर. पंगतीत पानं वाढून तयार आहेत आणि माणसं ओळीने बसलेली आहेत, तसं. सॉफ्टवेअरमधूनच नवं नाव टाकलं तर ते माणूसही बसवतं आणि पानही मांडतं. पण मागच्या दाराने येऊन कुणी चार माणसं उठवून दुसरीकडे बसवली, तर पानं जागच्या जागी राहतात आणि मधली सगळी माणसं भलत्याच पानावर जेवतात.

मी नावांची फाइल नोटपॅडमध्ये उघडली. के अक्षराशी आले आणि थांबले. तिथे चाळीसेक नावांची रांगच लागली होती. KAI ATMARAM. KAI BHASKAR. KAI CHINDHU. कैलासवासी आत्माराम, कैलासवासी भास्कर, कैलासवासी चिंधू.

"हे कुणी केलं?"

किशोरचा चेहरा उतरला. "मी. पण मी नंबरांना हातसुद्धा लावला नाही मॅडम!"

"कधी?"

"पंधरा-सोळा दिवस झाले. बहिणीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. पत्रिकांवर नावं घालायला यादी प्रिंट करायची होती. बाबांनी एकाचंही नाव यादीतून काढलेलं नाही. जे गेले त्यांचीही आहेत."

"काढाचं कसाले?" नाना म्हणाले. "मानूस गेला म्हनून घर जातं का?"

"पण बाबा, गेलेल्या माणसाच्या नावाने लग्नाची पत्रिका गेली असती तर? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. म्हणून मी फाइल उघडली आणि जे गेलेत त्यांच्या नावापुढे 'कै.' लावत गेलो."

झालं! सॉफ्टवेअर रोज सुरू होताना नावं एबीसीडीने लावतं. 'कै.' लागलेली सगळी नावं उठून के अक्षरात जाऊन बसली. आत्माराम आणि भास्कर उठले, तसा भिका दोन घरं वर सरकला आणि नेमका भास्करच्या नंबरावर बसला. त्यात चिंधूही उठला, तसा दामू तीन घरं वर सरकला. तिथे नाव होतं 'COMPUTER', म्हणजे मी. अर्जुनच्या आधी कुणी गेलेलं नव्हतं आणि यशवंतच्या पुढेही नाही, म्हणून ते दोघे बचावले. पत्रिका एकही चुकली नाही, फक्त नानांचे फोन चुकले.

आता दुरुस्ती. दोन्ही फाइलची आधी कॉपी करून ठेवली. मग उत्साहाच्या भरात KAI शोधून पुसण्याचा हुकूम दिला. यादी पाहते तर कैलास चौधरी नावाच्या धडधाकट माणसाचा LAS CHAUDHARI झालेला! इतकी वर्षं काम करून ही गत. नाना मोठ्याने हसले. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं हसू. जुनी फाइल परत आणली आणि या वेळी एकेक नाव हाताने साफ केलं. किशोर म्हणाला, "पण पुढच्या कार्याला मला कळणार कसं, कोण आहे, कोण नाही?" मी 'कै.' नावाच्या शेवटी लावून दिलं. शेवटी लावलं की क्रम हलत नाही, जो तो आपल्या पानावर राहतो.

तार जोडली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला.

"लावा नाना. दामूची टोळी उद्या सातला येणार ना?"

"दामूले लावतो. पन आधी दुसरं काम हाये."

नानांनी बी, एच, ए दाबलं. स्क्रीनवर BHASKAR KAI आलं. रिसीव्हर उचलून ते वाट पाहत बसले. पलीकडून कुणीतरी बोललं.

"वहिनी, मी रावेरहून नाना बोलतो. घाबरू नका. भास्कर नही हे मले मालूम हाये. मी त्याले खांदा देल्हा, मी कसा विसरीन? मांगे तुमाले दोनदा तरास झाला. मशीन चुकली होती, वहिनी. मी नही." मग जरा थांबून, आत स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "मी नही!"

सून पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. किशोर टेबलाच्या कडेला टेकला होता. त्याचे डोळे भरले होते आणि माझेही, कबूल करायला लाज कसली.

"बाबा, मी उद्याची अपॉइंटमेंट कॅन्सल करतो."

"वाया कसाले घालतो? तू जाऊन ये," नाना म्हणाले आणि दामूचं नाव दाबलं.

दामूला टोळीचा निरोप गेला. त्यानंतर मला वाटलं होतं की ते थांबतील. नाही. पंधरा दिवसांत ज्या ज्या घरी चुकीचा फोन गेला होता, त्या प्रत्येक घरी त्यांनी एकामागून एक फोन लावला, आणि प्रत्येकाला तेच सांगितलं. मशीन चुकली होती, मी नही. सगळे फोन लागले. माझी एसटी मात्र चुकली.

तेव्हापासून कुणी मला सांगितलं की घरातल्या म्हाताऱ्याचं डोकं हल्ली चालत नाही, तर मी एकच विचारते: त्यांच्या वस्तूंना मागच्या महिन्यात कुणी हात लावला होता? बहुतेक वेळा तो हात सांगणाऱ्याचाच निघतो.