प्रधानाचं आवतन

जगातल्या यच्चयावत प्राण्यांची भाषा माझ्या रोहणा गावच्या मामांना येते, फक्त मामींचं बोलणं तेवढं त्यांना ऐकू येत नाही. मुंग्यांचं बोलणं कळणाऱ्या राजाची गोष्ट त्यांनीच मला लहानपणी सांगितली. ऐकलेलं दुसऱ्याला सांगितलं तर त्या राजाचा दगड होणार होता. मामा जन्मभर सांगत आले आणि त्यांचं नुसतं पोट सुटलं. त्यांच्या मते म्हैस अस्सल वऱ्हाडी बोलते आणि कावळे हिंदी, कारण ते नागपूरकडून येतात. मांजर चुलीपाशी घुटमळली की मामा ओसरीवरून कळवतात, "चहा ठेव म्हनून राह्यली ते." माझं लग्न ठरत असताना भर बैठकीत पाल चुकचुकली. दोन्हीकडची मंडळी चुळबुळू लागली. मामा शांतपणे म्हणाले, "काई नाई, जेवाले उशीर काऊन, असं विचारून राह्यली." सगळे हसले, पानं मांडली गेली आणि माझा संसार उभा राहिला. त्या पालीचे उपकार मी विसरलेलो नाही.

पण मामांचा खरा जीव बैलजोडीवर. राजा बडबड्या आणि प्रधान कामापुरतं बोलणारा, असं ते सांगत. यंदा उन्हाळ्यात राजा गेला. पोळ्याला मी पोचलो, तर प्रधान पुरणपोळीला तोंड लावेना. सकाळपासून चाराही तसाच पडलेला. जनावरांचे डॉक्टर येऊन, आजार काही नाही म्हणून गेले होते. मामा गोठ्यात बसून होते. काय म्हणतो, असं मी विचारलं.

"मले काईच आयकू येऊन नाई राह्यलं," ते म्हणाले. मला एकदम भीती वाटली.

तेवढ्यात मामी पदराला हात पुसत आल्या. "मले येते आयकू. तो म्हनते, काल आवतन कोनी देल्लं मले? बिना आवतनाचा जेवाले बसू काय?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात आणि त्यांना पाहुण्यांसारखं बोलावतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' जोडी मोडली म्हणून मामांनी यंदा ते केलंच नव्हतं.

मामा उठले. हळद-लोणी आणून त्यांनी प्रधानाचा खांदा बराच वेळ चोळला. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतन घ्या." पोळी पुढे केली. "आन् आजच जेवा."

प्रधानानं आधी मामांचा हात चाटला, मग पोळी घेतली. मामा हसत होते आणि डोळेही पुसत होते.

परवा फोनवर प्रधानाची चौकशी केली. मामा म्हणाले, "थांबजो, तो काय म्हनते ते तुया मामीले इचारून सांगतो."

मी थांबलो. पलीकडून गोठ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता, एकाच बैलाचा.