पोत्याखालची बोहणी

"ताई, बोहणी नाई झाली अजून. उद्या या."

सुनंदाबाईने हे मला सांगितलं तो त्या आठवड्यातला चौथा दिवस. गुडीहत्नूरच्या बसस्टँडजवळ ती पोतं अंथरून भाजी विकते. मी एका पतसंस्थेची पिग्मी एजंट. पिग्मी म्हणजे रोजची ठेव. आम्ही दुकानोदुकानी फिरतो, दहा असोत की शंभर, पैसे घेतो, मशीनमधून पावती काढून देतो. बोहणी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती झाल्याशिवाय आमच्या बाजारात कोणी कोणाला रुपया देत नाही. दिवेलागण झाल्यावरही देत नाहीत, लक्ष्मी बाहेर जाते म्हणून. मग मला उरते दुपार, आणि दुपारी लोक पेंगतात. सत्तावीस वर्षं मी असं पोट भरलं.

सुनंदाबाईचे गुडघे गेले होते. डॉक्टरने सांगितलं, जमिनीवर बसायचं नाही. तिचा धंदाच जमिनीवर बसायचा. शेजारचे नरसय्या मुलाकडे निजामाबादला राहायला चालले होते. त्यांची हातगाडी आठ हजारांत मिळत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत थांबतो म्हणाले, मग दुसऱ्याला देणार. गाडी आली तर स्टुलावर बसून धंदा करता येईल. नाही आली तर धंदा बंद, असा साधा मामला.

खातं उघडताना तिने ऐटीत सांगितलं, रोज पन्नास. महिनाभर दिले. मग एक दिवस बाजार पडला आणि वीसच उरले. वीस द्यायची तिला लाज वाटली, म्हणून तिने काहीच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी शंभर द्यावे लागतील असं स्वतःच ठरवलं, तेही जमलं नाही. त्यानंतर माझी स्कूटी दिसली की ती कोबीची पोती उचकत बसायची.

आमचे मॅनेजर हिशेबी माणूस. म्हणाले, "मॅडम, हे खातं बंद करा. तेवढ्या वेळात दोन मोठी दुकानं होतात."

मी तोंडाची फटकळ आहे. म्हटलं, मोठ्या दुकानदारांचे गुडघे बरे आहेत. मला एक महिना द्या. ते म्हणाले, "दिला. पण एक दिवस खाडा झाला तर बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. पैसे जातात कुठे ते बघायचं होतं. ठोक बाजारातून माल आणताना तिची थैली रिकामी झालेली. पहिल्या गिऱ्हाइकाने मेथी नेली. पंधरा रुपये आले. तिने ते काट्याला लावले, कपाळाला लावले आणि पोत्याखाली सरकवले. मग थैली भरू लागली आणि रिकामीही होऊ लागली. नवऱ्याला ऑटोचे वीस. नातवाला बिस्किट. चहा, परत चहा. स्कॅनचे पैसे तर नवऱ्याच्याच फोनवर जात, ते तिला दिसतही नसत. एका बाईला सुट्टे हवे होते. थैलीत दहा कमी पडत होते, पोत्याखाली पंधरा होते. तिने गिऱ्हाईक जाऊ दिलं, पण पोतं उचललं नाही.

माझ्या तेव्हा लक्षात आलं. सगळ्या बाजारात एकच पैसा असा होता ज्याला नवरा, नातू, चहावाला, कोणी हात लावत नव्हता. संध्याकाळी तो थैलीतल्या पैशांत मिसळून जायचा, तेवढीच चूक.

"उद्यापासून मले बोहणीचेच पैसे द्या," मी म्हटलं.

तिचा चेहराच उतरला. "काऊन ताई, माया धंदा बुडवता काय? बोहणी कोनाले देत असतात काय?"

मी म्हटलं, सकाळी नको. दिवसभर पोत्याखालीच राहू द्या. दिवे लागायच्या आधी, पाचला, मी येते. आणि दुसऱ्याला देता कुठे? पासबुकावर तुमचंच नाव आहे. तिने पासबुक उघडून स्वतःच्या नावावर बोट फिरवलं. मग बरं म्हणाली.

कधी दहा, कधी साठ. पण खाडा नाही. महिना संपला, मॅनेजरनी पावत्या मोजल्या आणि खातं चालू ठेवलं. मोजून खाडा सापडला नाही की मला फार बरं वाटतं.

मग सुनंदाबाई हुशार झाली. होस्टेलचा आचारी सकाळी सातला अडीच-तीनशेची भाजी न्यायचा. एवढी मोठी बोहणी जमा करावी लागेल म्हणून तिने त्याला थांबवलं. आधी कोणीतरी पाचाची कोथिंबीर नेऊ दे म्हणाली. आचारी थांबला नाही, शेजारणीकडे गेला. मला खरंच राग आला. मी बोलले, "तुमी तुमालेच फसवून राह्यल्या." दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आचाऱ्याला तिने स्वतः हाक मारली आणि पाचला माझ्या हातात दोनशे ऐंशी ठेवले.

"पूर्ण?" मी विचारलं.

"बोहणी अर्धी असते काय?"

दसऱ्याला दोन दिवस उरले, तेव्हा चारशे सत्तर कमी पडत होते. एजंटला ग्राहकाच्या खात्यात स्वतःचे पैसे घालायची मनाई आहे. मी रात्रभर नियमाला शिव्या घातल्या. सकाळी तिच्याकडे पोचले, तर आमचे मॅनेजर पिशवी घेऊन उभे. चाळीसचे टोमॅटो घेतलेले, हातात पाचशेची नोट.

सुट्टे नव्हते. मॅनेजरनी फोन पुढे केला, तर सुनंदाबाई बोहणी फोनवर घेत नाही म्हणाली. शेजारणींकडे सुट्टे मागितले, त्यांच्याही बोहण्या व्हायच्या होत्या. नोट परत मागावी, तर ती काट्याला आणि कपाळाला लागून पोत्याखाली गेलेली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोबीकडे पाहिलं.

शेवटी त्यांनी चारशे साठची भाजी आणखी घेतली. दोन भोपळे मीच उचलून त्यांच्या मोटरसायकलवर ठेवले.

त्या दिवशी पाचपर्यंत थांबलो नाही. नोट घेऊन तिघंही एकदमच ऑफिसला गेलो, ती जमा केली आणि आठ हजार पूर्ण झाले. पैसे काढायच्या व्हाउचरवर सही मॅनेजरचीच लागते. त्यांनी ती केली.

एजंट म्हणून शिकले ते एवढंच. किती वाचवायचं हे ठरवू नका, ते बाजार ठरवतो. कोणत्या पैशाला हात लावायचा नाही ते ठरवा, आणि असा पैसा आधीच घरात कुठेतरी असतो.

दसऱ्यानंतर मी पाचला गेले तेव्हा सुनंदाबाई गाडीमागे स्टुलावर बसली होती. पोतं मात्र तिने टाकलं नव्हतं. चौघडी घालून गाडीवर ठेवलं होतं, काट्याच्या बाजूला. त्याखालून तिने साठ रुपये काढून दिले. हे कशासाठी, मी विचारलं. ती म्हणाली, ते अजून ठरलं नाही.