आशाबाईंचा पाट

...तर चौथ्या मिस्त्रीनंही तेच केलं. आला, चपला दारात काढल्या, चहा प्याला, ओट्याला टेप लावला आणि म्हणाला, "पावणेतीन फूट. सगळीकडं एवढाच असतो साहेब. ह्याला काय झालंय?"

आता ह्याला काय झालं होतं, ते नानासाहेबांना पक्कं ठाऊक होतं. पुंडलिकनगरचं घर बांधलं तेव्हा ते पाटबंधारे खात्यात कारकून. हापिसातल्या नकाशावरून स्वयंपाकाच्या ओट्याचं माप त्यांनीच दिलेलं, मोठ्या तोऱ्यात. पण ते माप पोळी लाटणाऱ्यांचं. त्यांच्या पत्नी आशाबाई देवगाव रंगारीच्या, लहानपणापासून खाली बसून ज्वारीची भाकरी थापलेल्या. भाकरीवर तळवा वरून पडावा लागतो. त्यात त्या बुटक्या. उभ्यानं थापायला गेल्या की खांदे कानाला टेकायचे. म्हणून ओट्यापुढं पाट टाकून त्यावर उभ्या राहायच्या. अशी अकरा वर्षं. मागच्या उन्हाळ्यात पाटावरून पाय घसरला, मनगट सुजलं, तेव्हा कुठं नानासाहेब ओटा खाली घेणारा मिस्त्री शोधायला निघाले.

"चार मिस्त्री चहा पिऊन गेले," आशाबाई म्हणाल्या, "पाट हाय तिथंच हाय. त्यापरीस हाटेल काढा तुम्ही."

पाचवा कडूबा. गारखेड्याच्या चौकात सकाळी कामाचे लोक उभे राहतात, तिथं तो थापी मांडीवर घेऊन बाजूला बसलेला. बाकीचे "काय काम, किती दिवस" करत नानासाहेबांच्या अंगावर आले. ओट्याचं काम ऐकून हा बसल्या जागेवरून म्हणाला, "भाकरी करत्यात का पोळी?"

"भाकरी."

"मग टेपचं काम नाय. बाईला परातीपुढं उभं करून कोपर बघावं लागतंय. हातातलं काम उरकू द्या, पोळा झाला का येतो."

घरी सांगितलं तर आशाबाई कधी नव्हे त्या हसल्या. "त्याची आय बुटकी असंल," म्हणाल्या.

पोळ्याला वीसेक दिवस होते तेव्हा आशाबाईंना ताप भरला. तीन दिवस दवाखान्यात होत्या. चौथ्या दिवशी गेल्या.

तेरावा झाला, मुली सासरी गेल्या. नानासाहेब उठायचे, अंघोळ करायचे, शेजारच्या द्वारकाबाईंनी पाठवलेला डबा खायचे. काय खाल्लं, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. रडू येत नव्हतं. येईल, असं लोक म्हणत होते, आणि ते मान हलवत होते. पाणी घ्यायला गेलं की पाट अंगठ्याला लागायचा. मग ते वाकून तो पुन्हा ओट्याला लावून नीट ठेवायचे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कडूबा दारात हजर. बोलल्याप्रमाणं आला गडी.

"बोलवा मालकीणबाईंना."

नानासाहेबांनी परात काढली, ओट्यावर ठेवली. मग गावाला गेलेल्या माणसाचं सांगावं तसं म्हणाले, "त्या गेल्या. ह्याच श्रावणात."

कडूबानं डोक्याचा पटका सोडला, हातात धरला. मग विचारलं, "मग आता हितं कोण करणार?"

"मीच."

"मग तुम्ही ऱ्हावा उभं."

ते परातीपुढं उभे राहिले. कडूबानं कोपर बघितलं, खांदा बघितला, एक पाऊल मागं जाऊन पुन्हा बघितलं.

"मालक, तुमच्या कोपराला हाय हे माप बराबर हाय. कडप्पा कशाला फोडता? खाली घेतला तर पाठ जाईल तुमची. मला काम मिळंल, पण लबाडी व्हईल."

नानासाहेबांनी खाली वाकून पाट उचलला, ओट्यावर परातीशेजारी आणून ठेवला. त्याच्या जाडीवर बोट ठेवलं, आणि म्हणाले,

"ओटा एवढा खाली घ्या. भाकरी मला येत नाही, शिकायची आहे. मी वाकून थापीन."