नुसतं पडून राहण्याची परीक्षा

मी काहीही न करता किती शक्ती खर्च करते, हे मोजून घ्यायला आमचं अख्खं घर मिरजेला गेलं होतं.

त्याच वर्षी पावसाळ्यात माझी आत्या गेली. तिच्या गळ्याला गाठ होती. मिरजेला ऑपरेशन झालं आणि ती टेबलावरून उठलीच नाही. तेव्हापासून घरात माझ्या तोंडाकडे बघून कुणी बोलत नसे, सगळे गळ्याकडे बघून बोलत. कारण मीही आत्यासारखीच वाळत चालले होते. हात थरथरत, आणि छातीत अशी धडधड व्हायची की शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल म्हणून मी लांब बसायची. (तशी मी आधीपासूनच लांब बसते, त्यामुळे हे लक्षण कुणाच्या ध्यानात आलं नाही.)

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी माझा गळा चाचपला.

"चुलीवर काही नसलं तरी निखारा जळत असतो ना? माणसाचंही तसंच. नुसतं पडून राहिलं तरी श्वास चालतो, रक्त फिरतं, अंग ऊन राहतं. त्याला किती जळण लागतं ते मिरजेला यंत्रावर मोजतात. हिचं जास्त निघालं, तर गळ्यातली ग्रंथी काढावी लागेल."

आईनं माझा हात इतका घट्ट धरला की थरथर आपोआप थांबली.

"आदल्या रात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काही नको," डॉक्टर पुढे म्हणाले. "दूध नको, चहा नको. आणि मन अगदी शांत हवं."

"शांत ठेवतो की!" काका गरजले. दवाखान्यातलं एक तान्हं पोर दचकून रडायला लागलं. काकांचा आवाज तालमीत कमावलेला होता. "मी हाय न्हवं संगं!"

अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी घरी हुकूम काढला, "हिच्या तोंडात कुणी काही घालायचं नाही. नियम म्हणजे नियम!"

निघायच्या दिवशी सकाळी आईनं मला देवघरात ओढलं. जोतिबाचा प्रसाद होता, गुलाल लागलेली खोबऱ्याची अर्धी वाटी.

"खा गपगुमान."

"आई, डॉक्टर..."

"देवाला न्हाई म्हणतीस व्हय? आणि तुझ्या अण्णास्नी सांगू नगंस."

मी खाल्लं. (कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी ‘नो, थँक यू’ म्हणायला फार छान शिकवलं होतं. पण जोतिबाला ते कसं म्हणायचं, हे त्यांना विचारायचं राहिलं.)

स्टेशनला जाताना काकांनी मला गंगावेशीत थांबवलं. तिथे म्हशी रस्त्यावरच पिळतात. फेसाळलेला तांब्या माझ्या हातात आला.

"पी."

"काका, पण..."

"डॉक्टरला काय कळतंय? त्यो कधी आखाड्यात उतरलाय? उपाशी पोटानं कुणी लढाय जातंय व्हय! पी, आणि वैनीला सांगू नगंस."

प्यायले. आता निदान अण्णा तरी होते. त्यांचा नियम म्हणजे दगडावरची रेघ.

मिरजेच्या स्टेशनात आई आणि काका पुढे गेले. अण्णा मागे रेंगाळले, इकडेतिकडे पाहिलं आणि चहाची बशी माझ्यापुढे धरली.

"तुझ्या आत्यानं मागितला होता," ते म्हणाले. "ऑपरेशनच्या आधी. दादा, एक घोट दे, म्हणाली. मी म्हटलं, नियम आहे, नंतर देतो."

त्यांनी बशी आणखी पुढे केली. माझ्यापेक्षा त्यांचाच हात जास्त थरथरत होता. मी सगळा चहा प्यायले.

"कुणाला सांगू नकोस," अण्णा म्हणाले.

अशी पोटात तीन गुपितं घेऊन मी इस्पितळातल्या खाटेवर आडवी झाले. नर्सनं नाकाला चिमटा लावला, तोंडात रबराची नळी कोंबली. शेजारच्या यंत्राच्या पिंपावर कागद फिरत होता आणि एक लेखणी त्यावर माझ्या श्वासाची रेघ काढत होती.

"काही विचार करू नका," नर्स म्हणाली.

मी वर पाहिलं. आत्यानं शेवटचं पाहिलं ते हेच छत असेल का, एवढाच विचार केला. लेखणी थयथयली. तेवढ्यात खिडकीत काकांचं डोकं उगवलं.

"भले शाब्बास! दम सोडू नगंस, शाले! चीत कर त्याला!"

लेखणी कागदाबाहेर गेली.

तिथल्या डॉक्टरांनी कागद दिव्यापुढे धरला. "ही मुलगी खाटेवर पडली होती की डोंगर चढत होती?" मग आवाज उतरवून म्हणाले, "आकडा फार वर आहे. ऑपरेशनचं बघावं लागेल."

आई भिंतीला टेकून खालीच बसली. अण्णांनी टोपी काढली. मला आत्याचं लुगडं आठवलं, इस्पितळातून घडी करून परत दिलेलं.

"सकाळपासून काही खाल्लं नाही ना?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

मी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"एवढंसं खोबरं..." आई पुटपुटली.

"खोबरं?" अण्णा कडाडले. "काही द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं ना?"

"खोबऱ्यानं काय हुतंय, दादा?" काका मध्ये पडले. "दुधानं झालं असंल."

"कसलं दूध?"

"म्हशीचं."

"किती?"

"लई न्हाई. तांब्याभर."

डॉक्टर अण्णांकडे वळले. "आणि तुम्ही?"

अण्णा टोपीच्या आत बघत म्हणाले, "बशीभर चहा."

"वा! घरून डबा तेवढा आणला नाहीत!"

"आणलाय की!" आई डोळे पुसत उठली. "वाढू का तुमास्नी?"

डॉक्टरांनी तिघांनाही फाटकाबाहेर काढलं आणि मला रात्रभर ठेवून घेतलं. तिथे मला कुणी काही विचारत नव्हतं, कुणी गळ्याकडे बघत नव्हतं. आत्या गेल्यापासून पहिल्यांदाच मला गाढ झोप लागली. सकाळी पुन्हा चिमटा, पुन्हा नळी. या खेपेला लेखणी शहाण्यासारखी चालली.

"ग्रंथीला काही झालेलं नाही," डॉक्टर अण्णांना म्हणाले. "आकडा अगदी सर्वसाधारण आहे. घरात माणूस गेलंय. ही जेवत नाही, झोपत नाही आणि कुणाशी बोलत नाही. ते काही कापून काढता येत नाही. जपा तिला."

अण्णांनी तोंडापुढे टोपी धरली आणि बराच वेळ ती खाली घेतली नाही.

परतीच्या गाडीत मात्र त्यांना राहवेना. मी मॅट्रिक पास झाले हे त्यांनी शेजाऱ्यांनाही सांगितलं नव्हतं, आता समोरच्या बाकावरच्या फेटेवाल्या अनोळखी माणसाला हात धरून सांगू लागले, "आमची मुलगी अगदी सर्वसाधारण आहे! नुसती पडून राहिली ना, तर काहीही दोष नाही! यंत्रावर मोजून घेतलंय!"

फेटेवाल्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ब्येस झालं की," तो म्हणाला. "आणि उठल्यावर वो, पावणं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, आईनं पाहिलं, काकांनी पाहिलं. सगळा डबा माझ्या उत्तरासाठी थांबला. आणि मी बाकावर आडवी होऊन, डोळे मिटून, मला प्रमाणपत्र मिळालेलं तेवढं एकच काम पुन्हा सुरू केलं!