डबल बेल

नशीब-बिशीब मी कधीच मानलं नाही. ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्याची गाडी, असं मी शहाद्याच्या स्टँडवर छाती ठोकून सांगायचो. एसटीत ड्रायव्हर म्हणून उभा जन्म काढला, अन् अपघात एकही नाही. सगळं आपल्याच हातात असतं, दुसरं काय?

निवृत्त झाल्यावर एक जुनी मोटार घेतली. गेल्या वर्षी एका दुपारी बायकोच्या पोटात असं काही दुखू लागलं की ती भिंत धरून खालीच बसली. तिला मागच्या सीटवर आडवी केली अन् नंदुरबारच्या दवाखान्याकडे निघालो. प्रकाशाचा पूल ओलांडला, पुढे एका फाट्यावर, एसटीच्या जुन्या थांब्याच्या निंबाखाली, पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली. फाट्यावर चिटपाखरू नव्हतं.

"काब्र थांबनात?" मागून ती कण्हत म्हणाली. "उतारू कोठे शे?"

का थांबलो, मी काय सांगणार? एसटीत एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. कंडक्टरने दोरी दोनदा ओढल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. मी तसाच बसलो होतो, डबल बेलची वाट बघत! बायको मागे तडफडतेय, हे कळत होतं. पाय उचल, असं मी स्वतःला बजावत होतो. पण पाय जणू दुसऱ्याचा होता. मग तिनेच ओळखलं. हातातली पाटली खिडकीच्या काचेवर दोनदा आपटली. टण टण. गाडी निघाली.

दवाखान्यात तिला आत घेतलं. नर्सने पाटल्या काढून माझ्या हातात दिल्या, मी त्या रुमालात गुंडाळून खिशात ठेवल्या. डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "आतडं फुटलंय. इथं ऑपरेशन केलं तरी खात्री देत नाही. सुरतला न्यायचं तर वाटेत काहीही होईल. काका, तुम्ही सांगा, पण लवकर."

एवढी साधी गोष्ट, एक होय किंवा नाही. तिचा जीव त्यावर टांगलेला, अन् माझी जीभ टाळूला चिकटलेली. मी उभा होतो, तसाच, फाट्यावर बसलो होतो तसा. डॉक्टर घड्याळ बघत होते. तेवढ्यात पडद्याआडून, तिच्या खाटेकडून, आवाज आला. टण टण.

"इथंच करा," मी म्हणालो.

ती वाचली. शुद्धीवर आली तेव्हा मी तिचा हात धरून म्हटलं, "बरं झालं बाई, तू वाजवलंस. नाहीतर मी तिथंच उभा राहिलो असतो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी कोठे वाजाडी? माले ते सुधच नव्हती."

मी खिशात हात घातला. पाटल्या रुमालातच होत्या. अंगावर सरसरून काटा आला. रुमाल तसाच खिशात खोल दाबला.

घरी न्यायच्या दिवशी तिला पुढे, माझ्या शेजारी बसवलं. चावी फिरवली, इंजिन चालू झालं, पण पाय ब्रेकवरून हलेना. तिला हसू आलं. दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली अन् म्हणाली, "आते मी वाजाडाव नही. तुम्हीच काढा."

बरोबरच होतं तिचं. मला काढायचीच होती गाडी, मनापासून. घाम फुटला, तरी पाय उठेना. भ्यालो मी, खोटं कशाला बोलू?

मग आमच्या मागून, रिकाम्या सीटवरून आवाज आला. टण टण.

पाय उचलला गेला. गाडी फाटकाबाहेर पडली. तिने पदराने डोळे टिपले, खूश होऊन माझ्या दंडावर थापटलं.

"दखा," ती म्हणाली, "निघनी ना तुम्हना मनथीन!"

हो, माझ्याच मनाने, अशी मी मान डोलावली, अन् आरशात बघायचं टाळलं.